चार बोटांचं अंतर

पूर ओसरला की आमच्या काशीत गाळाचे दिवस सुरू होतात. गंगा दोन-तीन आठवडे घाटांवर ठाण मांडून बसते आणि उठून जाताना कमरेएवढा चिखल मागे ठेवते. मग पंप लागतात, जाड पाइपांतून पाण्याचे फवारे सुटतात, आणि रामघाटापासून संकठा घाटापर्यंत तो करडा लगदा हळूहळू खाली ढकलला जातो. पितृपक्षही त्याच सुमारास येतो. पिंडदानाला आलेली माणसं चपला हातात आणि धोतरं गुडघ्यावर घेऊन त्या राड्यातून वाट काढत असतात. बाहेरगावचे लोक नाक धरतात आणि आम्ही त्यांना हसतो. मीही हसतो, लोकांत असलो तर. एकटा असलो की त्या वासाने दिवसभर जेवण जात नाही.

यंदा पंपांची घरघर सुरू झाली त्या सकाळी माझी पुतणी केतकी चहा घेऊन गच्चीवर आली. ती कॉलेजात बॉक्सिंग खेळते. नाकावर एकदा टाके पडलेत आणि त्याचा तिला भारी अभिमान आहे. मोबाइलवर तिने मला काहीतरी दाखवलं. रेशमी अंगरख्यातला एक पांढऱ्या दाढीचा कुंग फूचा मास्तर हवेत संथ हात फिरवत होता आणि समोर साध्या चड्डीतला एक रिंगणातला गडी उभा होता. गडी पुढे आला, दोन ठोसे दिले, मास्तर उताणा.

"काका, तुम्ही हे शिकलेले ना? बाबा सांगत होते. खऱ्या लढतीत यातलं काही चालतं का हो?"

"चहा पी. निवतोय."

"म्हणजे नाही चालत," ती हसली आणि खाली गेली.

पोरीचं काही चुकलं नाही. तिच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते मला ठाऊक आहे. ते ठाऊक नसतं तर माझं आयुष्य जरा बरं गेलं असतं.

आमचे बोडस सर रेल्वेत कारकून होते, मूळचे जबलपूरकडचे. कलकत्त्याला बदली असताना जोडे बनवणाऱ्या एका चिनी कारागिराकडे त्यांनी सहा वर्षं ही विद्या घेतली होती. ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा, खिशात कायम सर्दीचा रुमाल. रस्त्यात पाहिलं तर हा माणूस रिक्षावाल्याशी भांडायलाही बिचकेल असं वाटायचं, आणि खरंच बिचकायचे. पण संकठा घाटाच्या वर एका मठाच्या फरसबंद अंगणात सकाळी साडेपाचला ते एका पायावर उभे राहिले की आम्ही अकरा जणं श्वास रोखून बघायचो. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. गल्लोगल्ली कराटे-कुंग फूच्या पाट्या लागल्या होत्या आणि निम्मे शिक्षक व्हिडिओ पार्लरात बसून शिकलेले. आमचे सर तसले नव्हते. घोड्याच्या बैठकीत ते आमच्या दोन्ही मांड्यांवर पाण्याने भरलेला एकेक तांब्या ठेवायचे आणि स्वतः पेपर वाचत बसायचे. पाणी सांडलं की पहिल्यापासून. शिव्या नाहीत, ओरडणं नाही. त्या माणसावर माझा जीव होता.

विनायक माझ्याबरोबर यायचा. रामघाटाच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर, तो माझ्याहून वर्षाने लहान. त्याचे वडील आप्पा वेदपाठशाळेत शिकवत. मुंजीनंतर पाच वर्षं मीही त्यांच्यापुढे मांडी घालून बसलो होतो. मग आमच्या वडिलांनी मला तिथून उचललं, शाळेत घातलं, आणि मी बी.कॉम.च्या वाटेला लागलो. विनायक राहिला. संहिता झाली, पद झालं, क्रम झाला, आणि आता तो घनाच्या शेवटाला आला होता. घन म्हणजे पाठांतराची सगळ्यांत अवघड तऱ्हा. मंत्राचे शब्द सरळ म्हणायचे, मग उलटे, मग परत सरळ. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा तेच, आणि असे हजारो मंत्र. आप्पांचं स्वतःचं शिक्षण क्रमावर तुटलं होतं, कारण त्यांचे वडील अचानक गेले आणि याज्ञिकी करून घर चालवणं भाग पडलं. त्या वर्षी मार्गशीर्षात विनायकची परीक्षा होती, पंडितांच्या सभेपुढे, एकही पोथी न उघडता. आप्पा त्याविषयी बोलत नसत. फक्त श्रावण संपला तसं त्याच्या ताटात दही वाढणं बंद झालं, घसा सांभाळायचा म्हणून.

त्याचा आवाज गोड नव्हता. भरीव होता, नव्या घागरीत पाणी पडावं तसा. पहाटे तो म्हणायला बसला की गल्लीतून जाणारी दूधवाली बाई बादली खाली ठेवून थोडी थांबायची आणि मग उचलून चालू लागायची. माझी आई म्हणायची, "बघ, तू पण तिथेच होतास ना रे." मला त्याचा हेवा वाटायचा. हे सांगूनच टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात हेव्याचा वाटा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरांनी आम्हा दोघांना जोडीचा एक खेळ शिकवला होता. त्याचे बारा तुकडे. एकाने मारायचं, दुसऱ्याने अडवायचं, सगळं ठरलेलं. बाकीची मुलं तो एकापासून बारापर्यंत सरळ शिकली. आम्ही दोघं पडलो पाठशाळेतले. एखादी गोष्ट सरळ येणं म्हणजे आम्हाला ती येणंच वाटत नसे. आम्ही ते बारा तुकडे घनासारखे घोकले. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, मग उलट. कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडायचा. दोन वर्षांत अशी गत झाली की मी एखाद्या तुकड्याची नुसती सुरुवात केली की विनायकचं अंग पुढचं करून मोकळं होई. विचार मध्ये येतच नसे. "तुम्ही पाठशाळेतल्यांनी याचं काय करून ठेवलंत रे," असं सर म्हणाले, पण मनातून खूश होते. आप्पांचा आणखी एक नियम आम्ही तिथे नेला होता. सुरू केलेला घन मध्येच सोडायचा नाही, मग खोकला येवो की विंचू चावो.

सहावा तुकडा असा होता. मी डावा पाय फरशीवर आपटायचा आणि डावा हात वरून खाली आणायचा. विनायकने तो हात दोन्ही हातांनी वरच्यावर धरायचा, आणि धरताना त्याची हनुवटी वर जायची. तेवढ्यात माझ्या उजव्या तळहाताची कड त्याच्या गळ्याकडे जायची आणि चार बोटं अलीकडे थांबायची. सर मध्ये स्वतःची बोटं घालून मोजत. "चार. तीन नाही, पाच नाही. हा तुकडा खरा आहे, म्हणून अंतर आहे."

त्या वर्षी पूर उतरल्यावर मठाच्या अंगणात गाळ भरलेला होता, म्हणून वर्गाला आठवडाभर सुट्टी. रामनगरला तेव्हा फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार मैदानावर मुलांना बॉक्सिंग शिकवत. आपण कितपत तयार झालोय ते बघावं, म्हणून आम्ही दोघं सायकलींवर राजघाटाच्या पुलावरून पडावमार्गे तिकडे गेलो. रामलीलेचे दिवस, रस्त्यावर ही गर्दी. सुभेदारांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुंग फू? अच्छा. दिखाइए."

त्यांनी मला हातमोजे चढवले आणि समोर लालजी नावाचा एक काटकुळा तरणा पोरगा उभा केला. तो नुकताच सकाळचं दूध घालून आला होता, सायकलचे क्लिप अजून पायजम्याला होते. मी बैठक घेतली. एक मूठ कमरेला, दुसरी पुढे, नजर स्थिर. नाकावर पहिला ठोसा बसला तेव्हा माझी कमरेची मूठ कमरेलाच होती. दुसरा अडवायला मी हात शिकवल्याप्रमाणे छान गोलात फिरवला, आणि तो गोल पुरा होईपर्यंत तिसरा आणि चौथा बसून गेले. लाथ मारायला पाय उचलला तर त्याने मला नुसतं खांद्याने लोटलं आणि मी मातीत बसलो. बगळा, वाघ, साप अशा नावांचे पवित्रे शिकलो होतो, त्यांतलं एकही जनावर मदतीला आलं नाही. आमच्या जोडीतला माणूस मारून झालं की हात तिथेच ठेवतो, तुम्ही अडवाल म्हणून. लालजी हात परत घेऊन जात होता. एवढी साधी गोष्ट, आणि चार वर्षांत ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

विनायकलाही मार पडला. पण दुसऱ्या फेरीत तो हसत होता. त्याने बैठक सोडून दिली, दोन्ही हात तोंडापुढे घेतले आणि लालजीसारखाच पावलांवर नाचायला लागला. दम मोठा, ताल पक्का. तिसऱ्या फेरीत त्याने लालजीला एक स्वच्छ ठोसा दिला. सुभेदार म्हणाले, "ई लड़का सीख जाई." मला त्यांनी फक्त नाक धुवायला नळ दाखवला.

परत येताना पुलावर सायकली हातात धरून चालत होतो. खाली पाणी अजून मातकट होतं.

"हे चालत नाही गुरू," विनायक मला काशीच्या ढंगात म्हणाला. "आपलं सगळं नुसतं पाठ आहे. समोरच्याला पण पाठ असेल तरच जमतं."

"मोजे घालून काय जमणार? खरे तुकडे खेळात वापरताच येत नाहीत. गळा, डोळा, गुडघा, सगळं मना असतं."

"फालतू बात. ज्याला साधं नाक मारता येत नाही, तो गळा काय मारणार?"

बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच मला ते झोंबलं. त्याच संध्याकाळी मी सरांच्या क्वार्टरवर गेलो. ते मुलीची वही शिवत होते. माझं सुजलेलं नाक त्यांनी बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तो खेळ आहे श्रीधर. आपली विद्या जीव घेणारी आहे, म्हणून ती दाखवता येत नाही." या उत्तरातली खोट आज शेंबड्या पोरालाही दिसेल. जी गोष्ट कधी करूनच बघायची नाही, ती चालते हे कळलं कुणाला आणि कधी? पण सर खोटं बोलत नव्हते. त्यांच्या गुरूने त्यांना सांगितलं, त्यांनी आम्हाला. पाठशाळेत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पुरायला हवं होतं. पुरलं नाही, कारण विनायक म्हणाला ते खरं असेल तर माझी चार वर्षं पाण्यात गेली होती, आणि पाठशाळा तर मी आधीच सोडून बसलो होतो. माझ्याजवळ दुसरं होतं काय?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घाटावर बोलावलं. आमच्या गल्लीखालची फरशी आदल्या दिवशीच धुऊन झाली होती, पंपवाले लांब संकठा घाटाकडे सरकले होते. ऊन नुकतं चढत होतं. मी म्हणालो, "मोजे नाहीत, नियम नाहीत. ये."

"नऊला संथा आहे यार. जल्दी कर," विनायक म्हणाला आणि धोतराचा काचा मारून उभा राहिला.

त्याने मला दोनदा मारलं, जोर न लावता, रामनगरला बघितलेलं आठवून आठवून. मी गोल फिरवत राहिलो आणि तो आत येत राहिला. तिसऱ्यांदा त्याने मारलं नाहीच. मूठ माझ्या गालापाशी आणून थांबवली, उघडली आणि गाल थोपटला. हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, हे मी आज शपथेवर सांगेन. तेव्हा मात्र त्या थोपटण्याने माझं डोकं फिरलं.

मी डावा पाय आपटला.

बस्स, तेवढंच. लढता लढता विनायकचं अंग पाठात शिरलं. नाचणारी पावलं थांबली, दोन्ही हात माझा डावा हात धरायला वर आले, हनुवटी वर गेली. हजार वेळा केलेलं. त्याचा गळा माझ्यासमोर उघडा होता आणि माझा उजवा हात निघालेला होता.

चार बोटं अलीकडे थांबायला हवं होतं. लोक म्हणतात, अशा वेळी काही कळत नाही. मला सगळं कळत होतं. त्याच्या गळ्यातलं जानवं थोडं मळलेलं आहे हेसुद्धा दिसत होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की सुरू केलेलं मध्येच सोडायचं नाही या सवयीने हात गेला. सवय तर चार बोटांवर थांबायची होती! मला थांबवता आला असता. पण मला बघायचं होतं. चालतं की नाही, एवढंच बघायचं होतं.

फारसा आवाज झाला नाही. विनायक गुडघ्यांवर बसला, गळ्याशी दोन्ही हात नेले आणि तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला. श्वास आत जाताना शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. मी त्याला पाठीवर घेतलं आणि पायऱ्या चढू लागलो. आप्पा वरून धावत आले, खांद्यावरचा पंचा कुठेतरी पडलेला. त्यांनी विचारायच्या आधीच मी बोललो. "पायरीवरून घसरला. कठड्याच्या कडेवर गळा आपटला." गाळाच्या दिवसांत यावर कोण शंका घेणार? दरवर्षी दोघा-चौघांचे हातपाय मोडतच.

हॉस्पिटलात त्याच्या गळ्याला खालून भोक पाडून नळी बसवली म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी आप्पा त्याच्या खाटेशी वाकले आणि म्हणाले, "बाळ, घसरलास का?" मी पायथ्याशी उभा होतो. विनायकने डोळे माझ्याकडे वळवले. बराच वेळ बघितलं. मग आप्पांकडे बघून मान हलवली, हो. त्या क्षणी मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची जेवढी शरम मला वाटते तेवढी त्या फटक्याचीही वाटत नाही.

आप्पा मला घेऊन घाटावर आले. "कुठली पायरी?" त्यांनी विचारलं. समोर शंभर पायऱ्या, अजून अर्ध्या चिखलात. मी एक दाखवली. का तीच, याला काही कारण नाही, नजर तिच्यावर होती म्हणून. आप्पांनी त्या पायरीला पाय लावून बघितला आणि ते घरी गेले.

विनायकचा आवाज महिन्याने आला. कोरा कागद फाडावा तसा. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा, आणि ते बरोबरच म्हणाले. मार्गशीर्षात सभा भरली. दुसऱ्या दोघांनी परीक्षा दिली. आप्पा पाठशाळेचे म्हणून सगळे दिवस तिथे बसले, मांडीवर हात ठेवून, त्या मुलांच्या चुका मोजत. त्या वर्षीपासून आमच्या गल्लीत पहाटे काही ऐकू येत नाही. दूधवाली बाई थांबेनाशी झाली.

बोडस सरांना मी तीच थाप सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. पंधरा दिवसांत वर्ग बंद झाला, बदली मागून घेतली असं बाकीच्या मुलांकडून कळलं. जाताना मला भेटले नाहीत. मी कधी त्यांचा पत्ता शोधला नाही.

विनायक माझ्याशी याविषयी एकदाच बोलला. पौषात, गच्चीवर, उन्हात. मी मूळ गोष्टीवर यावं म्हणून तोंड उघडलं तर त्याने हात वर केला.

"चाललं की रे तुझं," त्या फाटक्या आवाजात तो म्हणाला. दम खायला थांबला. "लालजीवर चाललं नसतं. मला पाठ होतं, म्हणून चाललं."

केतकीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. एका वाक्याचं आहे. जो तुमच्याबरोबर शिकला, तुमच्यावर भरवसा ठेवून ज्याने मान वर केली, त्याच्यावर ही विद्या चालते, पहिल्या फटक्यात चालते. अनोळखी माणसापुढे तुम्ही उताणे पडता. यावर मी खूप विचार केला आहे, नोकरीत, प्रवासात, लग्नाच्या पंगतीत बसलेला असताना. आपण घरात एकमेकांना जी दुखणी देतो तीही अशीच बसतात असं वाटतं. परक्याला आपला पाठ येत नाही. पण असले विचार करून मी स्वतःला शहाणा म्हणवून घेतो आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

विनायक पुढे प्रयागला गेला. एका छापखान्यात संस्कृत पुस्तकांची मुद्रितं तपासतो. त्याच्या हातून अक्षर सुटत नाही असं म्हणतात. लग्न झालं, मुलगी झाली. दिवाळीला येतो, मला नमस्कार करतो, माझ्या बायकोला "वहिनी, बरं आहे ना?" विचारतो. मुलीला त्याने काय सांगितलंय मला माहीत नाही.

आणि आप्पा. दुसऱ्या वर्षी पूर उतरला, पंपवाले धुऊन गेले, आणि आप्पा बादली, विटेचा तुकडा आणि काथ्या घेऊन घाटावर गेले. मी दाखवलेली ती पायरी त्यांनी घासून काढली. तिसऱ्या वर्षीही, आणि मग दरवर्षी. आईने मला सांगितलं, "म्हणतात, आणखी कुणाचं पोर पडायला नको. सरकारी धुण्यावर भरवसा नाही त्यांचा." मी बँकेत लागलो, बदल्या झाल्या, परत काशीला आलो. गाळाच्या दिवसांत मी ब्रह्माघाटाकडून फिरून उतरत असे, म्हणजे ते दिसणार नाहीत. तरी गच्चीवर विटेचा आवाज यायचा. इतर सगळ्या आवाजांत तो बरोबर ऐकू येतो. इतकी वर्षं मी तो ऐकला आणि खाली उतरलो नाही. भेकड माणूस. दुसरा शब्द नाही.

यंदा केतकी हसून खाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उतरलो. धीर एकवटला वगैरे काही नाही. आप्पा अठ्ठ्याहत्तरचे झालेत, त्यांना वाकता येत नाही, म्हणून वरच्या पायरीवर बसून ते खालची घासत होते. मी जाऊन त्या पायरीच्या टोकाला उभा राहिलो.

"आप्पा, विनायक इथे पडला नव्हता."

ते घासत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही.

"मी मारलं होतं त्याला. गळ्यावर. घसरलाबिसरला नव्हता."

वीट थांबली. त्यांनी वर बघितलं नाही.

"चुकून लागलं?"

हो म्हणता आलं असतं. ते माझ्यासाठी दार उघडून देत होते, हे मला कळत होतं.

"नाही. मुद्दाम."

"तो मला हो म्हणाला होता."

"माझ्यासाठी म्हणाला."

खाली पंपवाल्यांनी पाइप दुसऱ्या बाजूला वळवला. एक नाव किनाऱ्याला लागली, माणसं उतरली, कुणीतरी आप्पांना हात जोडले आणि आप्पांनीही जोडले. मग त्यांनी हात खाली नेऊन तळवा पायरीवर ठेवला.

"आणि ही?"

"अशीच दाखवली होती आप्पा. कुठली तरी."

त्यांनी तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. आजूबाजूच्या दगडांपेक्षा ती पायरी पांढुरकी दिसत होती, आणि मध्ये घासून घासून खोलगट झाली होती, त्यात पाणी साचलं होतं. मी वाट बघत होतो. शिवी देतील, वीट फेकून मारतील, रडतील. यातलं काहीही झालं असतं तर मी पाया पडलो असतो. त्यांनी बादलीतलं पाणी ओंजळीने पायरीवर घातलं आणि वीट पुन्हा उचलली.

"पाय उचल," ते म्हणाले. "तुझ्याखालचं राहिलंय."

मी पाय उचलले आणि त्यांनी तिथलं घासायला घेतलं.